आग विझवताना हृदयावर ताण कसा येतो, आणि तो आग विझल्यावरही लगेच का ओसरत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ४४ वर्षे आहे, अग्निशमन दलात आपली बरीच वर्षे नोकरी झाली आहे, सिगारेटचे व्यसन नाही आणि वार्षिक तपासणीतला ईसीजी दर वेळी नॉर्मल येतो. तरीही अलीकडे मोठ्या आगीवरून परतल्यावर तास-दीड तास छातीत धडधड होत राहते. सहकाऱ्यांच्या मते हा धुराचा परिणाम आहे आणि झोप झाली की बरे वाटते. हे खरोखर धुरामुळे होते की हृदयावर ताण येतो, आणि ईसीजी नॉर्मल असताना काळजी करावी का, असे आपण विचारले आहे. अग्निशमन जवानांच्या हृदयाची तपासणी करणे हेच अनेक वर्षे माझे काम राहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: पूर्वी होत नसलेली आणि आता वारंवार होऊ लागलेली धडधड तपासून घेतल्याशिवाय सोडून देऊ नये, मग ईसीजी कितीही वर्षे नॉर्मल आलेला असो.

आगीवर गेलेला जवान दगावला म्हणजे तो होरपळून, गुदमरून किंवा बांधकाम कोसळून दगावला असणार, असे बाहेरच्या माणसाला वाटते. अमेरिकेत अशा मृत्यूंच्या नोंदी फार काळजीपूर्वक ठेवल्या जातात आणि त्या वेगळेच चित्र दाखवतात. तिथे कर्तव्यावर असताना होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने होत आले आहेत. संशोधक स्टेफानोस केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते २००४ या काळातील अशा मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जवानाच्या एकूण कामाच्या वेळेत प्रत्यक्ष आग विझवण्याचा वाटा जेमतेम १ ते ५ टक्के असतो, पण करोनरी हृदयविकाराने, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आजाराने, झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू याच कामाशी जोडलेले आढळले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. सुमारे १३ टक्के मृत्यू वर्दीवर, म्हणजे आगीची खबर मिळाल्यावर तिकडे, जाताना झाले होते, तर सुमारे १७ टक्के वर्दीवरून परतताना. म्हणजे ज्या वेळी सगळे संपले असे वाटते, ती वेळही धोक्याचीच असते. आपला त्रास नेमका याच वेळी होतो, म्हणून मी त्याकडे गांभीर्याने पाहतो.

हृदयावरचा ताण आगीच्या ठिकाणी पोहोचल्यावर नव्हे, तर वर्दीची घंटा वाजताच सुरू होतो. १९७५ साली बर्नार्ड आणि डंकन यांनी कामावरच्या जवानांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा घंटा वाजल्यानंतर पहिल्या १५ ते ३० सेकंदांतच ठोके मिनिटाला सरासरी ४७ ने वाढलेले आढळले. तोपर्यंत जवानाने धड बूटही चढवलेले नसतात. ही वाढ श्रमाची नसते, अ‍ॅड्रेनॅलिनची असते. या रसायनामुळे ठोके आणि रक्तदाब दोन्ही एकदम चढतात, हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि ज्याच्या हृदयात लय बिघडण्याची प्रवृत्ती आहे त्याची लय बिघडू शकते. गाढ झोपेतून उठून धावताना तर हा फरक आणखी तीव्र असतो, कारण झोपेत शांत गतीने चाललेल्या हृदयाला काही क्षणांतच पळायला लावले जाते. वर्षानुवर्षे घंटा ऐकणाऱ्या जवानाला मनातून भीती वाटत नसेलही, पण शरीर दर वेळी ही तयारी करतेच.

आगीच्या ठिकाणी तीन ओझी एकाच वेळी हृदयावर येतात, आणि त्यांचा परिणाम निव्वळ बेरजेपेक्षा मोठा असतो. पहिले ओझे श्रमाचे. फायर सूट, हेल्मेट, बूट आणि बीए सेट (श्वासासाठी पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) मिळून २० किलोंहून अधिक वजन अंगावर असते, हातात पाण्याने भरलेला होज असतो आणि जिने चढायचे असतात. होज धरून ठेवणे, दार फोडणे, माणसाला ओढून बाहेर काढणे या कामांत स्नायू घट्ट आवळलेल्या स्थितीत राहतात आणि अशा श्रमात रक्तदाब धावण्यापेक्षाही जास्त चढतो. मास्कमधून श्वास घेण्यासाठी छातीच्या स्नायूंना वेगळे कष्ट पडतात ते निराळेच. दुसरे ओझे उष्णतेचे. फायर सूट बाहेरची धग आत येऊ देत नाही, तशीच शरीराची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. घाम येतो पण तो वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून शरीर अधिकाधिक रक्त त्वचेकडे पाठवते. इकडे स्नायूंनाही रक्त हवे असते. तिसरे ओझे पाणी कमी होण्याचे. जोरदार सरावांनंतर केलेल्या मोजणीत जेमतेम १८ मिनिटांच्या कामाने रक्तातील द्रवभाग सुमारे १५ टक्के घटलेला आढळला आहे.

याचा हृदयाच्या दृष्टीने अर्थ काय होतो, हे आपल्याला पंपाच्या उदाहरणाने चटकन कळेल. पंपाला येणारे पाणीच कमी झाले तर इंजिन कितीही वेगात फिरवले तरी नोझलला दाब मिळत नाही, उलट पंप मात्र तापतो. त्वचेकडे वळलेले रक्त आणि घामावाटे गेलेले पाणी यांमुळे हृदयात परत येणारे रक्त कमी होते, एका ठोक्यात बाहेर फेकले जाणारे रक्त घटते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय ठोके वाढवत राहते. जोरदार कामात जवानांचे ठोके त्यांच्या वयाच्या कमाल मर्यादेपर्यंत जातात आणि तिथेच राहतात. आता इथे एक बारकावा आहे. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्याच्या काळात मिळते, आणि ठोके जितके जलद तितका हा विसावा आखूड होतो. शिवाय इतर स्नायू गरज पडल्यावर त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन शोषून घेऊ शकतात. हृदय मात्र शांत असतानाही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेत असते, त्यामुळे मागणी वाढली की त्याला जास्त रक्तच लागते. म्हणजे मागणी सर्वांत जास्त असते त्याच क्षणी पुरवठ्याची वेळ सर्वांत कमी होते. करोनरी रक्तवाहिन्या स्वच्छ आणि लवचिक असतील तर निरोगी हृदय हेही निभावून नेते. त्या अरुंद झाल्या असतील तर इथेच ऑक्सिजन कमी पडू लागतो.

यासोबत रक्तही बदलते, आणि माझ्या मते हा भाग जवानांना सर्वांत कमी सांगितला जातो. एडिनबरा येथील संशोधकांनी १९ निरोगी जवानांना आगीच्या सरावात उतरवून आधी आणि नंतर त्यांची तपासणी केली. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीराचे तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले होते. त्यांचे रक्त घेऊन शरीराबाहेर गुठळी किती होते हे पाहिले, तेव्हा ते प्रमाण सरावानंतर सुमारे दोन-तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त वाढलेले आढळले. रक्तवाहिन्या सैल होण्याची क्षमता घटली होती आणि हृदयाच्या स्नायूला किंचित इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिन हे रक्तातले प्रथिन थोडे वाढले होते. लक्षात घ्या, ही माणसे निरोगी आणि धडधाकट होती आणि त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले नाही. पण ज्याच्या करोनरी वाहिनीत चरबीचा थर साचलेला आहे आणि त्यावरचे आवरण पातळ आहे, त्याच्या बाबतीत हेच बदल वेगळ्या परिणामाचे ठरतात. चढलेल्या रक्तदाबाने ते आवरण फाटते, तिथे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटतात आणि आधीच गोठायला तयार असलेल्या रक्ताची गुठळी वाहिनी बंद करते.

आता धुराविषयी. आपले सहकारी अगदीच चुकीचे बोलत नाहीत, धूर हृदयाला त्रास देतोच. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्यामुळे रक्त ऑक्सिजन कमी वाहून नेते आणि जो वाहून नेते तोही स्नायूंना सहजासहजी सोडत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास शरीरातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. प्लास्टिक, फोम, कृत्रिम धागे जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो आणि तो पेशींना मिळालेला ऑक्सिजनही वापरू देत नाही. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करता येत नाही. जवानाचे डोके जड झालेले असते, छाती धडधडत असते आणि यंत्रावर ९८ दिसते. तो आकडा पाहून त्याला सोडून देणे धोक्याचे आहे. धुरात राहिलेल्या माणसाची कार्बन मोनॉक्साइडची पातळी वेगळ्या यंत्राने किंवा रक्त तपासूनच ठरवावी लागते. हे सारे सर्वाधिक घडते ते कुलिंगच्या, म्हणजे आग विझल्यावर धुमसते सामान थंड करण्याच्या, कामात. ज्वाळा विझलेल्या असतात, धूर विरळ दिसतो, बीए सेटचे ओझे नकोसे झालेले असते आणि मास्क उतरवला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि धुमसणाऱ्या सामानातून तो भरपूर निघतो. कुलिंग संपेपर्यंत किंवा गॅस मीटरने हवा सुरक्षित असल्याचे दाखवेपर्यंत मास्क काढू नये, हा माझा आग्रह मी कोणत्याही दलापुढे मांडत आलो आहे.

पण धूर हे संपूर्ण उत्तर असते, तर एकाच खोलीत एकाच वेळी काम केलेल्या सर्व जवानांना सारखाच त्रास झाला असता. तसे होत नाही. हृदयविकाराने दगावलेल्या अमेरिकी जवानांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास झाला, तेव्हा साधारण पाचांपैकी चार जणांत करोनरी वाहिन्यांचा आजार आणि हृदयाचा वाढलेला आकार या दोन्ही खुणा आढळल्या. पहिल्या गोष्टीबद्दल सर्वांना ठाऊक असते. दुसरी तितकीच महत्त्वाची आहे. अनेक वर्षांचा उच्च रक्तदाब, वाढलेले वजन किंवा घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांमुळे हृदयाची भिंत जाड होते. जाड भिंतीला जास्त रक्त लागते, तिच्या आतल्या थरापर्यंत रक्त पोहोचायला वेळ लागतो आणि अशा स्नायूत लय बिघडण्याची शक्यता अधिक असते. एखादा जवान दंडाने बळकट असतो, दोन जिने सहज चढतो, आणि त्याचा रक्तदाब तपासणीच्या टेबलावर १४५/९५ येतो. तो म्हणतो की घाईत आलो म्हणून वाढला असेल. पुन्हा मोजला तरी तेवढाच येतो. याच माणसाला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवले की काही मिनिटांत वरचा आकडा २२० च्या पुढे जातो. फायर सूट आणि उष्णता नसताना एवढा, तर आगीत तो किती जात असेल, याचा विचार करायला हवा. रक्तदाबावर औषध न घेता वर्षे काढणारे जवान मला नेहमी भेटतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा धोका सर्वांत सहज कमी करता येण्यासारखा आहे.

आता आपण विचारलेल्या वेळेकडे, म्हणजे आग विझल्यानंतरच्या तासांकडे वळतो. काम थांबले तरी शरीराचे तापमान लगेच उतरत नाही. बाहेर आल्यावर काही मिनिटे ते वाढतच राहते, विशेषतः सूट अंगावर तसाच बंद असेल तर. पाणी कमी झालेलेच असते, त्यामुळे ठोके खाली यायला वेळ लागतो. जोराचे श्रम अचानक थांबले की पायांच्या स्नायूंकडून रक्त वर ढकलले जात नाही, ते खालीच साचते आणि रक्तदाब एकदम उतरू शकतो. श्रमाच्या काळात रक्तात वाढलेले पोटॅशियम थांबल्याबरोबर झपाट्याने घसरते आणि अ‍ॅड्रेनॅलिन मात्र अजून चढलेलेच असते. लय बिघडण्याला ही स्थिती फार अनुकूल असते. म्हणून आगीतून बाहेर आल्यावर मास्क आणि हेल्मेट उतरवून, सूट पूर्ण उघडून, शक्य असल्यास काढून, सावलीत किंवा गार जागी काही मिनिटे सावकाश चालावे आणि मग बसावे. हात कोपरापर्यंत गार पाण्यात १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवल्यास शरीर चांगले थंड होते, आणि पाणी तर प्रत्येक बंबावर असतेच. पाणी घोटाघोटाने पीत राहावे. एक सिलेंडर संपल्यावर दुसरा लावून लगेच आत जाण्याऐवजी ठोके आणि रक्तदाब मोजून, ते खाली आल्यावरच परत पाठवण्याची पद्धत असावी. वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतरही ठोके १०० च्या वर असतील तर त्या माणसाला त्या आगीपुरते तरी पुन्हा आत पाठवू नये, असे माझे मत आहे. हा निर्णय जवानावर सोडू नये. तो कधीच ‘मी थकलो’ म्हणणार नाही, म्हणून तो अधिकाऱ्याने घ्यावा.

आपल्या तपासणीविषयी. शांत पडलेल्या माणसाचा ईसीजी त्या दहा-बारा सेकंदांतल्या शांत हृदयाविषयी सांगतो. श्रमात रक्त कमी पडते का, लय कधी बिघडते, भिंत किती जाड आहे, वाहिन्यांत किती थर साचला आहे, यांपैकी कशाचेही खात्रीचे उत्तर तो देत नाही. आपल्या बाबतीत मी पुढील क्रम सुचवेन. प्रथम रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजावा आणि कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन व पोटॅशियम तपासावे, कारण धडधडीची काही कारणे हृदयाबाहेरही असतात. भिंतीची जाडी आणि हृदयाची ताकद पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राम करावा. पट्ट्यावरची चाचणी ठोके ठरावीक आकड्याला पोहोचताच थांबवू नये, दम संपेपर्यंत करावी, कारण आगीत कोणी आपल्याला कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांवर थांबवत नाही. धडधड नेमकी कोणती आहे हे कळण्यासाठी हॉल्टर मॉनिटर (दिवसभर ईसीजी नोंदवणारे अंगावरचे छोटे यंत्र) लावावा, आणि २४ तासांत ती सापडली नाही तर छातीला अनेक दिवस चिकटवून ठेवता येणारा पॅच वापरावा. पट्ट्यावरची चाचणी नॉर्मल आली तरी मनात एक गोष्ट ठेवावी: ती मुख्यतः बऱ्याच अरुंद झालेल्या वाहिन्या दाखवते, आणि फाटणारा थर पुष्कळदा वाहिनी अर्धीही न व्यापणारा असतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या आणि रक्तदाब, साखर किंवा घरात लवकर हृदयविकार झाल्याचा इतिहास असलेल्या जवानाला मी करोनरी कॅल्शियमचा, म्हणजे वाहिन्यांतल्या थरात साचलेले कॅल्शियम दाखवणारा, सीटी स्कॅनही सुचवतो. हे होईपर्यंत आगीच्या आतले काम टाळून कंट्रोल रूम किंवा तत्सम काम मागून घ्यावे. त्यात कमीपणा मानू नये.

दमसास किती असावा, याचेही उत्तर ठरलेले आहे. अग्निशमनाच्या कामासाठी सामान्यतः १२ मेट, म्हणजे प्रति किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता योग्य धरली जाते. वजन उचलण्याचा व्यायाम पुष्कळ जवान करतात, पण दम वाढवणारा व्यायाम मागे पडतो. आठवड्यातले बहुतेक दिवस धावणे, सायकल किंवा पोहणे हवेच. बराच खंड पडला असेल तर सुरुवात सावकाश करावी, कारण केल्स यांच्या नोंदीत सुमारे १२ टक्के मृत्यू शारीरिक प्रशिक्षणाच्या वेळी झालेले होते. रक्तदाबाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना आपले काम स्पष्ट सांगावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उष्णतेत पाणी आणखी कमी करतात, बीटा ब्लॉकर ठोके वाढू देत नाहीत. दोन्हींना पर्याय असतात. मात्र चालू औषध, विशेषतः बीटा ब्लॉकर, स्वतःहून एकदम बंद करू नये. ड्युटीवर जागे राहण्यासाठी एनर्जी ड्रिंक घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. घंटेमुळे चढणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनवर कॅफीनची भर घालणे धडधड होणाऱ्या माणसाला परवडणारे नाही.

शेवटी तातडीच्या लक्षणांविषयी. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, जबडा, खांदा किंवा हातात जाणारी कळ, कामाच्या मानाने जास्त धाप, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धडधडीसोबत घाम आणि मळमळ, यांपैकी काहीही आगीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या २४ तासांत झाले तर घरी जाऊन झोपू नये. महिला जवानांत छातीत दुखण्याऐवजी नुसता विलक्षण थकवा, पाठदुखी किंवा मळमळ असू शकते, म्हणून तेही हलके घेऊ नये. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. सहकाऱ्याला सांगावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. स्टेशनवर आणि बंबावर एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) असावा आणि तो वापरता येणारा माणूस प्रत्येक पाळीत असावा, कारण हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता कमी करते. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावे की मी आगीवरून आलो आहे, किती वेळ धुरात होतो आणि मास्क कधी काढला. म्हणजे ईसीजी आणि ट्रोपोनिनबरोबरच कार्बन मोनॉक्साइडचीही तपासणी होईल, सायनाइडचा विचार होईल, आणि पहिले ट्रोपोनिन नॉर्मल आले तरी काही तासांनी ते पुन्हा केल्याशिवाय आपल्याला घरी सोडले जाणार नाही.